उजव्या मनगटावरचे घड्याळ

दुकानात पैसे देणे हा व्यवहार नसून पूजा आहे, आणि तिच्यातला एक उपचार जरी चुकला तरी सगळे पुण्य वाया जाते, असे मानणारे गृहस्थ सबंध चेन्नई शहरात एकच आहेत. ते आमचे घरमालक आहेत. आणि बाजारात जाताना त्यांना सोबत लागते, ती माझीच. मी जात्याच संकोची माणूस. रिक्षावाल्याने वळण चुकवले तरी त्याला तसे सांगायचा मला धीर होत नाही; पुढे कुठे तरी उतरून मी मुकाट्याने मागे चालत येतो. हॉटेलात सांबार पुन्हा मागण्यापेक्षा कोरडी इडली गिळणे मला सोपे वाटते. चारचौघांत आपल्याकडे कुणाचे लक्ष जाऊ नये, एवढीच ज्याची आयुष्याकडून अपेक्षा, अशा माणसाने दर शनिवारी भर रांगेत आमच्या घरमालकांच्या शेजारी उभे राहायचे, ही योजना ज्याने कुणी केली असेल त्याला विनोदाची चांगली जाण असली पाहिजे.

घरमालक तंजावरकडचे मराठी. पेरुंगुडीत भाताची शेते होती तेव्हा त्यांनी हे दुमजली घर बांधले. आता चहूबाजूंनी काचेच्या इमारती उभ्या राहिल्या आहेत आणि त्यांच्या मध्ये आमचे घर लग्नाच्या फोटोत चुकून आलेल्या माणसासारखे दिसते. इथल्या रिवाजाप्रमाणे सगळी गल्ली त्यांना मामा म्हणते आणि त्यांच्या पत्नीला मामी. मीही तसेच म्हणतो. त्यांची मराठी ऐकली की जुन्या दप्तरातले एखादे पत्र उठून आपल्याशी बोलू लागले आहे असे वाटते. मी केंद्र सरकारच्या एका कार्यालयात अनुवादक. मराठीची पदवी गाठीशी घेऊन साताऱ्याहून आलेलो. पहिल्याच आठवड्यात मी त्यांना सहज म्हणालो, "मामा, उद्या मीटिंग आहे, यायला लेट होईल." त्यांनी माझ्याकडे अशा नजरेने पाहिले, की मी पायातली चप्पल घेऊन देवघरात शिरलो आहे की काय अशी मला शंका आली.

"उदईक सभा आहे, यावयास विलंब लागेल, ऐसें म्हणा," ते म्हणाले. "तुम्ही ऑफिसांत काय करितां, राव?"

"भाषांतर."

"कोणत्या भाषेंतून?"

"इंग्रजीतून हिंदीत."

"सरि, सरि," म्हणजे बरे, बरे, असे ते म्हणाले. "मग मराठीची आशाच नाहीं."

त्यांची सगळी नोकरी रेल्वेच्या तिकीट-खिडकीमागे गेली. त्या काळच्या खिडकीला खाली एक अर्धगोल भोक असे आणि त्यातून फक्त हात आत येत. माणसे बाहेरच राहत. त्यामुळे मनुष्यजातीविषयी त्यांना जे काही ठाऊक आहे ते सगळे हातांवरून. मुंबईच्या गाडीचे तिकीट मागणारा हात कसा असतो, मयताला निघालेल्याचा कसा, पळून जाऊन लग्न करणाऱ्याचा कसा, हे ते अजून सांगतात. आणि या अनुभवाचे सार म्हणून त्यांच्याजवळ एकच सिद्धांत आहे: द्यायचे ते उजव्या हाताने, घ्यायचे तेही उजव्या हाताने. तमिळनाडूत डाव्या हाताने काही देणे हा उद्धटपणा समजतात, हे खरे. इथल्या बोलीत उजव्याला भाताचा हात म्हणतात, आणि डाव्याला काय म्हणतात ते मी इथे लिहीत नाही. परंतु जे इतरांच्या बाबतीत वळण आहे ते आमच्या घरमालकांच्या बाबतीत घटनेचे पहिले कलम आहे. खिडकीतून डावा हात आत आला तर ते त्याला तिकीट देत नसत. नुसते बसून राहत. गाडी शिटी देई, बाहेरचा माणूस आरडाओरडा करी, आणि मग केव्हा तरी डावा हात बाहेर जाऊन उजवा आत येई. "गाड्या चुकल्या नाहींत काय कुणाच्या?" असे मी एकदा भीतभीत विचारले. ते म्हणाले, "चुकल्या. पण ते लोक पुन्हा चुकले नाहींत."

माझी स्वतःची त्यांच्याशी ओळख याच कलमाखाली झाली. बिऱ्हाड घेऊन आलो तेव्हा माझ्या उजव्या हातात जड पिशवी होती, म्हणून त्यांनी पुढे केलेली किल्ली घ्यायला मी डावा हात केला. किल्ली हळूच मागे गेली. मला वाटले, त्यांचा विचार बदलला. ब्रह्मचारी भाडेकरू नको असेल. मी ओशाळून "बरं, येतो" म्हणालो आणि वळलोसुद्धा. फाटकापर्यंत गेल्यावर मागून आवाज आला, "राव, पिशवी खालीं ठेवा आणि परत या." पिशवी खाली ठेवून मी उजवा हात पुढे केला, तेव्हा त्यांनी किल्ली त्यावर अशी ठेवली की जणू मला तीर्थ दिले.

अशा या माणसाच्या हाती त्यांच्या नातीने ते घड्याळ दिले. ही नात सिरुसेरीला एका मोठ्या कंपनीत नोकरीला आहे. मराठी समजते तिला, पण बोलताना तमिळच्या काठाकाठाने जाते. घड्याळ दिसायला साधे होते, मात्र त्याच्या पट्ट्यात बँकेचे कार्ड मावलेले होते. दुकानातल्या मशीनला ते नुसते जवळ नेले की पैसे जातात. नोट नको, सही नको, मोबाइलही नको. तिने ते आजोबांच्या डाव्या मनगटावर बांधले आणि म्हणाली, "ताता, एवढंच. टॅप कर, पोदुम्." म्हणजे टेकवले की पुरे. पुरे! ज्या माणसाला साधे "घ्या" म्हणायला दोन हात आणि एक श्लोक लागतो, त्याला ती पुरे म्हणाली.

पहिला प्रयोग कोपऱ्यावरच्या औषधाच्या दुकानात झाला, आणि मी साक्षीदार होतो. काउंटरवरच्या मुलीने रक्तदाबाच्या गोळ्या पिशवीत घातल्या आणि मशीन पुढे केले. घरमालकांनी ऐटीत मनगट उचलले, ते मशीनपासून वीतभर अंतरावर आले, आणि तिथेच थबकले. आपण एका परक्या मुलीला डाव्या हाताने पैसे देत आहोत, ही गोष्ट त्यांच्या त्याच क्षणी ध्यानात आली असावी. "अय्यय्यो," असे म्हणून त्यांनी हात असा मागे घेतला की मुलीला वाटले, मशीनचा शॉक बसला. तिने घाबरून मशीन सोडून दिले. मग घरमालकांनी भर काउंटरवर घड्याळ सोडले. पट्टा नवा, कडक; सुटेना. मागे रांग वाढत चालली. शेवटी घड्याळ सुटले, त्यांनी ते उजव्या तळहातावर घेतले, निरांजन ओवाळावे तसे मशीनसमोर धरले, आणि "टीं" असा आवाज येताच डोळे मिटून मान लववली. मी तोवर खोकल्याच्या औषधांच्या जाहिराती इतक्या एकाग्रतेने वाचत होतो की मागच्या एका बाईंनी मला कोणते घ्यावे म्हणून सल्ला विचारला.

त्या दिवसापासून घड्याळ उजव्या मनगटावर गेले. नातीने सांगितले, दुनिया डाव्यावर घालते. त्यांनी सांगितले, दुनियेने तिकिटे कशी मागितली आहेत ते मी पाहिलेले आहे. पण उजवा हात म्हणजे भाताचा हात. तंजावरी घरात चमचा हा औषधापुरता असतो, आणि केळीच्या पानावर रसमभात कालवताना मनगट कुठपर्यंत बुडते हे ज्याने पाहिले आहे त्याला पुढचे सांगायला नको. मामी एकदा पानाशी बसून शांतपणे म्हणाल्या, "घड्याळास आणखी रसम वाढूं? तूप हवें असेल तर तेंही सांगा, लाजूं नका." तेव्हापासून जेवणापूर्वी घड्याळ काढायचे, आणि जेवणानंतर ते कुठे ठेवले ते शोधायला मला वरच्या मजल्यावरून खाली बोलवायचे, अशी पद्धत पडली. ते तांदळाच्या डब्यात सापडले आहे, तुळशीत सापडले आहे, आणि एकदा देवघरात कृष्णाच्या कमरेला. तिथे ते त्यांनी मुद्दाम ठेवले होते. त्याचा उजवा हात बासरीत अडकला आहे, नाही तर मनगटावरच बांधले असते, असे त्यांनी मला समजावून सांगितले.

पुढे नियमही वाढत गेले. काउंटरवर नुसत्या पडलेल्या मशीनला ते घड्याळ टेकवत नाहीत, कारण देणे हे कुणाच्या तरी हातात द्यायचे असते. टेबलावर टाकलेल्याला ते देणे म्हणत नाहीत. म्हणून घेणाऱ्याने मशीन हातात धरले पाहिजे. आणि तेही उजव्या. "वलदु कैयिल पिडिम्मा," उजव्या हातात धर गं, असे ते काउंटरवरच्या प्रत्येक मुलीला मोठ्या मायेने सांगतात, आणि ती हात बदलेपर्यंत घड्याळ छातीशी धरून उभे राहतात. मेट्रोच्या फाटकावर टेकवायची जागा उजवीकडे असते हे त्यांनी प्रथम पाहिले तेव्हा त्यांना इतका आनंद झाला की ते पुन्हा बाहेर येऊन पुन्हा आत गेले. "हें फाटक बांधणारा चांगल्या घरचा दिसतो, राव," ते म्हणाले. मागे अडकलेली माणसे चांगल्या घरची होती की नाही ते सांगता येत नाही, पण त्यांनी जे उद्गार काढले ते मला समजण्याइतके तमिळ तोवर मला येऊ लागले होते.

त्याच मेट्रोने आम्ही जॉर्ज टाउनला गेलो होतो, एका बोळातल्या पितळी भांड्यांच्या जुन्या दुकानात. मालक घरमालकांच्याच वयाचे. सकाळची वेळ, आम्ही पहिले गिऱ्हाईक. घरमालकांनी समई निवडली, मनगट उचलले, आणि पुन्हा थबकले. बोणीचा पैसा दुकानदार डोळ्यांना लावतो. घड्याळातून गेलेला पैसा त्याने कशाला लावायचा? हा प्रश्न त्यांनी मालकांना तमिळमध्ये अदबीने विचारला. मालकांनी गल्ल्याकडे पाहिले, मशीनकडे पाहिले, बराच विचार केला. मग "टीं" झाल्यावर त्यांनी ते मशीन दोन्ही हातांनी उचलून आधी एका आणि मग दुसऱ्या डोळ्याला लावले. मशीनमधून निघालेला पावतीचा कागद त्यांच्या नाकावर आला तरी त्यांनी गांभीर्य सोडले नाही. दोघेही म्हातारे तृप्त दिसत होते. मी एका मोठ्या घंगाळात डोके घालून त्याचा तळ तपासत होतो, आणि मला घंगाळ नको होते.

परंतु लाजेने मेलो तो दिवाळीच्या आदल्या दिवशी. मिठाईच्या दुकानात मुंगीला शिरायला जागा नव्हती. घरमालकांचा नंबर आला, काउंटरवरच्या माणसाने डाव्या हाताने मशीन पुढे केले, कारण उजव्याने तो म्हैसूरपाक तोलत होता. घरमालक थांबले. माणूस म्हणाला, "सार्, सीक्किरम्," म्हणजे लवकर. घरमालक म्हणाले, तुमचे तोलून होऊ द्या, मला घाई नाही. त्यांना नव्हती, मागच्या पन्नास-साठ जणांना होती. आणि त्या गर्दीत, माझ्या बरोबर मागे, आमच्या कार्यालयात दिल्लीहून नुकतेच बदलून आलेले वरिष्ठ काजूकतलीचा डबा घेऊन उभे होते. त्यांनी मला ओळखले. घरमालकांकडे बोट करून त्यांनी विचारले, "ये आपके साथ हैं?" उत्तर घरमालकांनीच दिले, रेल्वेच्या हिंदीत आणि फलाटावर ऐकू जाईल अशा आवाजात: "नहीं साहब, ये मेरे साथ हैं! बहुत लज्जावान आदमी. दुकान में बोलता ही नहीं. इसके वास्ते मैं आता हूँ."

त्यानंतर कित्येक दिवस कार्यालयात मला काही सांगायचे असले की वरिष्ठ आधी विचारत, "आपके वाले साहब नहीं आए?"

डिसेंबरच्या मध्याला मार्गळी महिना लागला. या महिन्यात इथे भल्या पहाटे दारापुढे मोठमोठ्या रांगोळ्या घालतात. पहिल्याच दिवशी मामी रांगोळी आटोपून आत आल्या तेव्हा घरमालक खुर्चीत बसले होते, कॉफीचा पेला जमिनीवर पडून लवंडला होता, आणि ते आपल्या उजव्या हाताकडे पाहत होते. खिडकीच्या भोकातून कुणा अनोळखी माणसाचा हात आत यावा आणि तो काय मागतो ते कळू नये, तसे पाहत होते, असे मामींनी मला नंतर सांगितले. मी वरून धावत आलो, नात सिरुसेरीहून आली, इस्पितळ झाले. अर्धांगाचा झटका होता. वेळेवर आणले म्हणून निभावले, असे डॉक्टर म्हणाले. वाचा दोन आठवड्यांत परत आली, पाय काठीच्या आधाराने परत आला. उजवा हात आला नाही.

घरी आल्यावर नातीने घड्याळ डाव्या मनगटावर बांधले आणि म्हणाली, आता तरी ताता, काय हरकत आहे? घड्याळाचा पट्टा एका हाताने सोडता येत नाही. त्यांनी मनगट मामींच्या पुढे केले. मामींनी ते सोडून खणात ठेवले. आणि आमच्या घरमालकांनी घराबाहेर जाणे बंद केले. नुसते बाजारात जाणे नव्हे, ओट्यावर येणेही. पूर्वी दारी आलेल्या प्रत्येकाला, मग तो टपाल घेऊन आलेला असो की वर्गणी मागायला, ते स्वतः उठून सामोरे जात. आता फाटक वाजले की ते मामींना दार लोटून घ्यायला सांगत. जो आला तो काही तरी पुढे करणार, आणि ते घ्यायला आपल्याजवळ हात नाही, याची त्यांना भीती बसली होती. जेवताना तर खोलीचा पडदाही ओढलेला असे.

संक्रांतीला मी तिळगूळ घेऊन खाली गेलो. साताऱ्याहून आईने पाठवलेल्या वड्या होत्या. घरमालक खिडकीशी बसले होते. मी नेहमीप्रमाणे वडी उजव्या हातात घेऊन पुढे केली, तोंडाने ठरलेले शब्द म्हटले, आणि मग माझ्या लक्षात आले की मी काय केले आहे. त्यांचा उजवा हात मांडीवर उपडा पडून होता. डावा किंचित हलला. लगेच त्यांनी तो धोतराच्या सोग्याखाली सारला, लहान मूल चिखलाचा हात लपवते तसा. वडी पुढे धरून मी तसाच उभा. मागे घ्यावी तर अपमान, धरून ठेवावी तर त्याहून मोठा.

"तेथें ठेवा, राव," ते टेबलाकडे पाहून म्हणाले.

टेबलावर टाकलेल्याला देणे म्हणत नाहीत, हे मी त्यांच्याच तोंडून ऐकले होते. मी वडी टेबलावर ठेवली. मग आम्ही दोघेही त्या वडीकडे पाहत राहिलो, कारण एकमेकांकडे पाहण्यासारखी परिस्थिती नव्हती. लाज ही माझी रोजची सवय. मला ती पचते. पण ती त्या चेहऱ्यावर बसलेली पाहणे मला सोसवेना. मामी मला जिन्यापर्यंत पोचवायला आल्या. "हात गेला, त्याचें नाहीं त्यांस कांहीं," त्या हळूच म्हणाल्या. "आतां कोणास कांहीं देतां येत नाहीं, त्याचें आहे. असेच बसून राहतील हो ते. मग पायही जाईल."

फेब्रुवारीच्या एका रविवारी नात पुन्हा आली. तिने एक अंगठी आणली होती: काळी, जाडसर, खडा नाही, नक्षी नाही. घड्याळासारखीच, म्हणाली; हिच्यातूनही पैसे जातात, आणि पट्टा बांधायची कटकट नाही. मी तेव्हा त्यांना वर्तमानपत्र वाचून दाखवायला खाली येऊन बसलो होतो. नातीने अंगठी त्यांच्या डाव्या हाताकडे नेली. "ताता, डाव्यालाच घाल ना. कोण पाहतं?" घरमालकांनी डावी मूठ मिटून घेतली. नातीने माझ्याकडे पाहिले, मी वर्तमानपत्राकडे. मामी स्वयंपाकघरातून हात पुसत आल्या, त्यांनी नातीच्या हातून अंगठी घेतली आणि घरमालकांचा उजवा हात मांडीवरून उचलला.

"तो उठत नाहीं," घरमालक म्हणाले. "त्यास आंगठी कशास?"

"डावा उठतो ना? तो उचलील त्याला. जन्मभर ह्यानें मिरवून घेतलें. आतां त्यानें जरा पालखी वाहावी."

"लोक पाहतील."

"पाहूं देत. खिडकींत बसून तुम्हीं साऱ्या मुलुखाचे हात पाहिले. आतां मुलुखानें तुमचे पाहावे."

मामी अंगठी करंगळीत सरकवू लागल्या. घरमालकांनी मान हलवली. "अनामिकेंत घाल," ते अगदी बारीक आवाजात म्हणाले. "पवित्री तेथेंच असते." श्राद्धाला किंवा दानाला बसताना उजव्या अनामिकेत दर्भाची पवित्री घालतात. त्याशिवाय दिलेले पोचत नाही.

पुढच्याच शनिवारी आम्ही निघालो. मेट्रोच्या नव्या मार्गासाठी रस्ता खणून ठेवलेला. कोपऱ्यावरचे औषधाचे दुकान गाठायला आम्हांला एखादी यात्रा करावी तेवढा वेळ लागला. दुकानात तीच मुलगी होती. तिने घरमालकांना पाहिले, गोळ्या काढल्या आणि सांगितल्याशिवाय मशीन उजव्या हातात घेतले. घरमालकांनी काठी माझ्याकडे दिली. मग डाव्या हाताने उजव्याचे मनगट धरले आणि झोपलेले मूल उचलावे तसा तो हात उचलला. अंगठी मशीनजवळ गेली. आवाज आला नाही. पुन्हा नेली. नाही. बोट रोडावले होते आणि अंगठी फिरून तिची नेमकी बाजू आत गेली होती, हे आम्हांला कुणाला ठाऊक! मागे रांग लागली. कुणी तरी "सीक्किरम् सार्" म्हणाले. घरमालकांच्या कपाळावर घाम आला. त्यांनी हात खाली सोडला आणि माझ्याकडे न पाहता म्हणाले, "राव, चला घरीं."

मी दुकानात कधी बोलत नाही, हे सर्वांना ठाऊक आहे. त्या दिवशी मी मागे वळून रांगेला म्हणालो, "एक निमिषम्." फक्त एक मिनिट, एवढाच अर्थ. पण माझा आवाज इतका चमत्कारिक निघाला की सगळे गप्प झाले आणि मी स्वतःही दचकलो. तेवढ्यात ती मुलगी काउंटरला वळसा घालून बाहेर आली. तिने त्यांच्या बोटातली अंगठी नीट फिरवली, मशीन त्यांच्या हाताच्या खाली धरले आणि म्हणाली, "मेल्ला, मामा, मेल्ला. अवसरम् इल्लै." हळू, मामा, घाई नाही. डाव्या हाताने उजवा पुन्हा उचलला आणि हळूहळू खाली आणला. इकडे मोठ्या माणसाला किंवा देवाला काही द्यायचे तर उजव्या हाताला डाव्याचा आधार देऊन देतात. मागून पाहणाऱ्याला ते अगदी तसेच दिसले असते.

"टीं" झाले. "वन्दुडुच्चु," आले, असे मुलगी म्हणाली. घरमालकांनी मान लववली. परतताना त्यांनी दोनदा थांबून अंगठी धड आहे ना ते मला पाहायला लावले.

आता ते शनिवारी पुन्हा बाहेर पडतात, फक्त त्या दुकानापर्यंत. मेट्रोचे फाटक आणि जॉर्ज टाउन आता त्यांना झेपत नाही. परवा दुकानात ती मुलगी नव्हती, नवी होती. तिच्या उजव्या हातात फोनचा रिसीव्हर होता, कुणाला तरी औषधांची नावे सांगत होती, आणि आमच्याकडे न पाहताच तिने डाव्या हाताने मशीन पुढे केले. मी काठी घेऊन सवयीने जमिनीकडे पाहू लागलो. आता ते वाक्य येणार, आता रांग थांबणार. "टीं" एवढेच ऐकू आले. घरमालकांनी माझ्याकडून काठी घेतली आणि चालू लागले. खणलेल्या रस्त्याच्या कडेने बरेच अंतर गेल्यावर मला राहवले नाही. मी म्हणालो, "मामा, तिनं मशीन डाव्या हातात धरलं होतं."

"पाहिलें मी," ते म्हणाले. थोडे चालून गेल्यावर पुढे म्हणाले, "उजवा गुंतला होता तिचा, राव. असतो एखाद्याचा."

त्यांनी तिला हात बदलायला सांगितले असते, सगळी रांग खोळंबली असती आणि माझी मान शरमेने खाली गेली असती, तर त्या संध्याकाळी मला फार बरे वाटले असते.